अवजड बांधकाम यंत्रांतील झिजेची पूर्वचिन्हे : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

धरण, महामार्ग, बोगदा किंवा कालवा यांच्या इतिहासात अभियंत्याचे नाव येते, खर्चाचे आकडे येतात, उद्घाटनाची तारीख येते; परंतु ज्या यंत्रांनी ते काम तडीस नेले त्यांच्या झिजेचा इतिहास क्वचितच लिहिला जातो. वस्तुतः अवजड यंत्र सहसा एका क्षणात निकामी होत नाही. पिन आणि बुश यांच्यातील फट वाढत जाते, दोराची एखादी तार तुटते, ऑइलमध्ये धातूचे सूक्ष्म कण उतरतात, बेअरिंगचा आवाज बदलतो आणि त्यानंतर कधीतरी यंत्र बंद पडते. बिघाड हा या प्रक्रियेचा अखेरचा टप्पा होय; त्याआधीचा कालखंड हा चिन्हांचा कालखंड असतो. ही चिन्हे वाचण्याची विद्या मानवाने कशी संपादन केली याचा मागोवा प्रस्तुत शोधनिबंधात घेतला आहे.

उद्दिष्टे :

१) झिजेची पूर्वचिन्हे ओळखण्याच्या पद्धतींचा कालानुक्रमे आढावा घेणे.
२) कामगाराचे इंद्रियज्ञान आणि प्रयोगशाळेतील परीक्षण यांच्या संबंधाचा विचार करणे.
३) भारतीय बांधकाम क्षेत्राच्या संदर्भात या इतिहासाचे महत्त्व तपासणे.

साखळीकडून तारदोराकडे :

या इतिहासाचा आरंभ बांधकामावर नव्हे, तर खाणीत होतो. जर्मनीतील हार्झ पर्वतप्रदेशात क्लाउस्थाल येथील खाणींतून धातुक वर खेचण्यासाठी लोखंडी साखळ्या वापरल्या जात. साखळीचे बळ तिच्या सर्वांत कमकुवत कडीइतकेच असते आणि ती एक कडी तुटली की संपूर्ण भार खाली कोसळतो. तेथील खाण अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट यांनी १८२९ च्या सुमारास साखळ्यांवर पुनःपुन्हा भार देऊन त्या किती काळ टिकतात याची चाचणी घेतली. धातू एका वेळच्या मोठ्या भाराने नव्हे, तर वारंवार येणाऱ्या लहान भारांनीही तुटतो, हे या चाचण्यांतून पुढे आले. १८३४ मध्ये त्यांनी लोखंडी तारा पिळून केलेला दोर वापरात आणला. चार तारांचा एक पेड आणि असे तीन पेड, अशी त्याची रचना होती.

या दोराचे महत्त्व केवळ बळात नव्हते. साखळीची कडी तुटते तेव्हा सर्व काही संपलेले असते. तारदोराची एक तार तुटते तेव्हा उरलेल्या तारा भार पेलून धरतात आणि तुटलेले टोक बाहेर डोकावते. पाहणाऱ्याला सावध होण्यास अवधी मिळतो. आतल्या तारा गंजून तुटल्या तर त्या बाहेरून दिसत नाहीत, ही मर्यादा असली तरी आपली झीज स्वतः उघड करणारा यंत्रभाग मानवाच्या हाती आला, ही घटना मोलाची आहे. आजच्या क्रेनवरील वायररोप हा त्याच दोराचा वंशज होय.

आसाचा तडा आणि हातोड्याचा नाद :

दिनांक ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या रेल्वेगाडीच्या इंजिनाचा आस मदाँ येथे तुटला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि दारे बाहेरून बंद असल्याने पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. दक्षिण ध्रुवप्रदेशाचे संशोधक द्युमाँ द्युरव्हिल हे त्यांपैकी एक होते. दीर्घकाळ वापरल्याने लोखंडाचे अंतरंग बदलते व ते स्फटिकासारखे ठिसूळ बनते, अशी त्या काळी समजूत होती. विल्यम रँकिन यांनी १८४३ मध्ये आसांच्या अनपेक्षित तुटण्यासंबंधीच्या निबंधात वेगळे मत मांडले. आसाची जाडी जेथे एकाएकी बदलते तेथे तडा सुरू होतो व तो हळूहळू आत सरकतो, असे त्यांनी दाखवले. ती जागा गोलाकार घडवावी, अशी शिफारसही केली. पुढे प्रशियन रेल्वेतील ऑगस्ट व्होलर यांनी दीर्घकाळ प्रयोग करून १८७० पर्यंत धातूच्या या थकव्याला मोजमापाची भाषा दिली. किती भाराची किती आवर्तने धातू सहन करतो, हे आता सांगता येऊ लागले.

रेल्वेचा हा अनुभव बांधकाम यंत्रांशी जवळून निगडित आहे. अमेरिकेत विल्यम ओटिस यांनी १८३९ मध्ये ज्या वाफेच्या फावड्याचे एकस्व घेतले ते रेल्वेमार्गाच्या मातीकामासाठीच होते. रेल्वेने याच काळात एक साधी तपासणी रूढ केली. लांब दांड्याचा हातोडा घेऊन कामगार प्रत्येक चाकावर टोला देई. खणखणीत नाद आला तर चाक निर्दोष, बद्द आवाज आला तर तडा. हे ज्ञान कानात होते. ते अचूक असू शके, परंतु ते त्या कामगाराबरोबरच निवृत्त होई. कोणत्या चाकाचा आवाज गेल्या महिन्याच्या तुलनेत किती बदलला, हे केवळ कानाच्या आठवणीवर सांगणे कठीण होते. चिन्ह होते, मात्र त्याची तुलना करता येईल अशी नोंद नव्हती.

पनामा कालवा आणि वेळापत्रकाची देखभाल :

अवजड यंत्रांचा ताफा एकाच कामावर प्रचंड प्रमाणात वापरल्याचे ठळक उदाहरण म्हणजे पनामा कालवा. अमेरिकेने १९०४ मध्ये हाती घेतलेले हे काम १५ ऑगस्ट १९१४ रोजी जलवाहतुकीस खुले झाले. त्यावर एकूण १०२ वाफेची फावडी वापरली गेली व त्यांपैकी ७७ बुसायरस कंपनीची होती. कुलेब्रा येथील खोदाईत फावडे माती उचले आणि लगतच्या रुळांवरील गाड्या ती वाहून नेत. त्यामुळे एक फावडे थांबले की त्याच्यावर अवलंबून असलेल्या गाड्यांची रांगही थांबे. म्हणून दिवसा खोदाई आणि रात्री कोळसा भरणे व डागडुजी, अशी कामाची विभागणी रूढ झाली. बिघाड झाल्यावर दुरुस्ती करणे आणि कामाचा भाग म्हणून दररोज तपासणी करणे, या दोहोंतील फरक येथे स्पष्ट दिसतो.

तथापि वेळापत्रकाने केलेली देखभाल म्हणजे चिन्हांचे वाचन नव्हे, हे दुसऱ्या महायुद्धात लक्षात आले. ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये १९४२-४३ च्या सुमारास विमानांच्या दुरुस्तीच्या नोंदी तपासल्या असता एक अनपेक्षित गोष्ट आढळली. दर ५० उड्डाण-तासांनी होणाऱ्या नियमित तपासणीनंतर अनपेक्षित दुरुस्त्या कमी होण्याऐवजी वाढत आणि पुढील तासांत हळूहळू घटत. सुस्थितीतील भाग उगाच उघडल्याने नवे दोष निर्माण होत होते. जीवशास्त्रज्ञ सी. एच. वॉडिंग्टन यांच्या १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हा अनुभव नमूद आहे. पुढे १९७८ मध्ये नोलन व हीप यांनी अमेरिकी विमानसेवेच्या अनुभवावरून असे दाखवले की, तपासलेल्या भागांपैकी सुमारे ११ टक्के भागांतच वयोमानानुसार बिघाडाची शक्यता वाढते. यावरून भाग केव्हा बसवला यापेक्षा तो आज कोणती चिन्हे देत आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरला.

ऑइलच्या थेंबातील पुरावा :

बंद इंजिनाच्या आत काय चालले आहे, हे ते न उघडता कसे कळावे? या प्रश्नाचे उत्तरही रेल्वेतूनच आले. अमेरिकेतील डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न रेल्वेच्या प्रयोगशाळेने १९४६ मध्ये डिझेल इंजिनांच्या वापरलेल्या ऑइलचे वर्णपटीय परीक्षण करून त्यातील धातूंवरून इंजिनातील दोष ओळखून दाखवले. यंत्राच्या प्रत्येक भागाचा धातू ठराविक असतो. ऑइलमध्ये लोखंड वाढले तर लायनर किंवा गिअर, तांबे वाढले तर बुश किंवा बेअरिंग, ॲल्युमिनियम वाढले तर पिस्टन यांच्याकडे संशयाने पाहावे लागते. सिलिकॉन वाढले तर एअर फिल्टरमधून धूळ आत शिरत असल्याची शक्यता असते. बांधकामाच्या जागेवर या शेवटच्या चिन्हाचे महत्त्व विशेष आहे, कारण तेथे धूळ हेच झिजेचे मोठे कारण असते.

या पद्धतीतही एका नमुन्यावरून निर्णय देता येत नाही. मागील नमुन्यांच्या तुलनेत प्रमाण किती वेगाने वाढते, हे पाहावे लागते. म्हणजेच येथे नोंदवही हे उपकरणाइतकेच आवश्यक ठरते. शिवाय वर्णपटीय परीक्षणाला मोठे कण नीट दिसत नाहीत. ती उणीव भरून काढण्यासाठी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी चुंबकाच्या साहाय्याने कण वेगळे करणारी फेरोग्राफी पुढे आली. दरम्यान १९६६ मध्ये ब्रिटनमधील जोस्ट समितीच्या अहवालाने घर्षण, झीज व वंगण यांच्या अभ्यासाला ‘ट्रायबॉलॉजी’ हे नाव दिले आणि या ज्ञानाच्या योग्य वापराने ब्रिटनची वार्षिक ५१.५ कोटी पौंडांची बचत होऊ शकेल, असा अंदाज मांडला. फिटरच्या हातातील काळे ऑइल आता राष्ट्रीय अर्थकारणाचा विषय बनले.

भारतीय संदर्भ :

मुंबईत १९३८ मध्ये स्थापन झालेल्या लार्सन अँड टुब्रो या संस्थेने १९४५ मध्ये कॅटरपिलर कंपनीशी माती उचलणाऱ्या यंत्रांच्या विक्रीचा करार केला. १९६४ मध्ये बंगळूर येथे भारत अर्थ मूव्हर्स या सार्वजनिक उपक्रमाची स्थापना झाली. यंत्रे आली, तशी ती सांभाळणाऱ्यांची पिढीही घडली. बुलडोझरच्या चेनचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. पिन व बुश झिजले की प्रत्येक सांध्यातील अंतर किंचित वाढते आणि चेन ढिली पडून लोंबू लागते. तिचा मेळ स्प्रॉकेटच्या दात्यांशी राहत नाही व दाते टोकदार होत जातात. वेळीच लक्षात आले तर पिन-बुश अर्धा फेरा फिरवून न झिजलेली बाजू कामास आणता येते. उशीर झाला तर संपूर्ण चेन बदलावी लागते. चिन्ह तेच, ते केव्हा वाचले यावर खर्च ठरतो.

मात्र चिन्ह वाचणारा आणि निर्णय घेणारा या बहुधा दोन वेगळ्या व्यक्ती असतात. बदललेला आवाज प्रथम ऐकतो तो ऑपरेटर. ग्रीस भरताना बुशमधील खेळ प्रथम जाणवतो तो हेल्परला. तासाच्या भाड्यावर चालणाऱ्या यंत्राच्या बाबतीत थांबणे म्हणजे उत्पन्न बुडणे, म्हणून त्यांचे म्हणणे अनेकदा नोंदवहीपर्यंतही पोहोचत नाही. या दृष्टीने इमारत व इतर बांधकाम कामगारांविषयीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांतील तरतूद लक्षणीय होती. दोराच्या व्यासाच्या आठपट लांबीत दिसणाऱ्या तुटलेल्या तारांची संख्या एकूण तारांच्या दहा टक्क्यांहून अधिक झाल्यास तो दोर वापरू नये, असा दंडक त्यात घालून दिला होता. आल्बर्ट यांच्या दोराने जे चिन्ह दृश्य केले, त्यालाच या नियमाने काम थांबवण्याचा अधिकार दिला.

निष्कर्ष :

१) झीज ओळखण्याची विद्या बांधकाम क्षेत्रात स्वतंत्रपणे जन्मली नाही, खाण, रेल्वे व विमान या क्षेत्रांतील अनुभवातून, अनेकदा जीवितहानीची किंमत मोजून, ती विकसित झाली.

२) प्रयोगशाळेने इंद्रियज्ञानाची जागा घेतली, असे म्हणणे अपुरे आहे. बंद इंजिनातील कण प्रयोगशाळेला दिसतात; तुटलेली तार आणि ढिली चेन मात्र आजही प्रथम कामगारालाच दिसते.

३) केवळ वेळापत्रकाने भाग उघडणे अथवा बदलणे म्हणजे सुरक्षितता नव्हे. चिन्हांची सातत्यपूर्ण नोंद व त्यांची तुलना हाच विश्वसनीय मार्ग ठरला आहे.

४) चिन्ह दिसणे, ते नोंदले जाणे आणि त्यावरून यंत्र थांबवण्याचा अधिकार असणे, या तीन गोष्टी एकत्र आल्या तेव्हाच पूर्वसूचना उपयोगी पडली. पहिल्या दोन गोष्टींसाठी विज्ञानाने दीडशेहून अधिक वर्षे परिश्रम घेतले; तिसरी गोष्ट उपकरणाने साध्य होत नाही. कामाच्या जागेवरील सर्वांत कनिष्ठ व्यक्तीचे म्हणणे ऐकून घेण्याची तयारी तिच्यासाठी लागते. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात यंत्राच्या रचनेबरोबर झिजेचा हा इतिहासही शिकवला गेल्यास ती तयारी विद्यार्थिदशेतच होऊ शकेल.