तगरच्या कापडावरचे व्याज

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीकाठी वसलेले तेर बहुतेकांना गोरोबाकाकांचे गाव म्हणून माहीत आहे. प्राचीन ग्रंथांतले ‘तगर’ ते हेच, हे जे. एफ. फ्लीट यांनी 1901 साली मांडले. इ. स. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे फार मोठे नगर असल्याची नोंद आहे. येथले साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाई. या नोंदीकडे आपण तगरच्या वैभवाची साक्ष म्हणून पाहतो. मला त्यात दुसराच प्रश्न दिसतो. हा माल कोणाच्या पैशावर चालत होता, आणि वाटेत गाडी लुटली गेली तर बुडत कोण होते?

तेर ते पैठण दहा दिवस, पैठण ते भडोच वीस. म्हणजे महिनाभर भांडवल नुसते बैलांच्या मागे चालत असे. शिवाय इजिप्तची जहाजे जुलैच्या सुमारास निघत. त्यांची वेळ चुकली तर माल पडून राहणार. आजचे कारखानदार ज्याला खेळते भांडवल अडकणे म्हणतात, ते हेच.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात याची किंमतच दिली आहे. दर शेकडा दरमहा सव्वा पण हे धर्म्य व्याज, व्यापाऱ्यांत पाच, रानवाटांनी जाणाऱ्यांना दहा आणि समुद्रावर जाणाऱ्यांना वीस. शास्त्रात दर लिहिला म्हणजे बाजारात तोच चालला असे मुळीच नाही. पण पायऱ्या पाहाव्यात. पैसा तोच, मुदत तीच. वाढतो आहे तो फक्त धोका. रानवाटेचा दर तगरच्या गाडीला लावला, तर शंभराच्या कापडावर भडोचच्या वेशीपर्यंतच दहा चढले. ते अखेर विणकराच्या मजुरीतूनच निघत असणार, असे मला वाटते.

मग विणकराला स्वस्त पैसा कुठून मिळे? याचे उत्तर तेरच्या कापडात नाही. ते नाशिकच्या लेण्यांतल्या दगडात आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे 2000 कार्षापण ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसऱ्या विणकर-श्रेणीकडे 1000, पाऊण टक्क्याने. पहिल्या ठेवीचे वर्षाला 240 कार्षापण होतात. त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळायचे. मुद्दल परत मागायची नाही, फक्त व्याज घ्यायचे, ही अट होती. व्यवहार निगमसभेत ऐकवून फळ्यावर नोंदवला गेला. एकटा विणकर मरतो, श्रेणी मरत नाही. म्हणून तिच्याकडे कायमची ठेव ठेवता येते. कंपनीची कल्पना आपण आगबोटीतून आली असे समजतो, तेव्हा हा लेख आठवावा.

दोन श्रेणी, धंदा एकच आणि दर दोन, हे मात्र कोडे आहे. अभ्यासक सहसा त्यावरून पुढे सरकतात. माझा तर्क असा की पाऊण टक्का देणाऱ्या श्रेणीची पत अधिक होती. तिला स्वस्तात पैसा मिळत होता. रक्कम लहान होती म्हणून दर कमी, असेही कोणी म्हणेल. पण कमी दराने पैसा ठेवायला दाता तयार झाला, याला काही कारण हवे.

एक धोका मात्र व्याजात मोजता येण्यासारखा नव्हता. कल्याण बंदराची वाट राजकारणामुळे अडली होती. तेथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे ‘पेरिप्लस’ सांगतो. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. नाशिकजवळ जोगलथेंबी येथे 1906 साली नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा ठसा मारलेला आहे. राजा बदलला, चांदी तीच राहिली.

तिसऱ्या शतकात आभीर ईश्वरसेनाच्या कारकिर्दीत विष्णुदत्ता या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी नाशिकलाच ठेव ठेवली. तिने रक्कम विभागली आणि पाण्याची यंत्रे करणारे, तेली अशा वेगवेगळ्या धंद्यांच्या श्रेणींकडे ठेवली.