केरसुणी, पोटमाळा आणि मोड

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात मराठी घर जसे दिसते तसे ते वर्षात पुन्हा कधी दिसत नाही. पोटमाळ्यावरचे सारे खाली येते, खालचे सारे गॅलरीत जाते आणि घरातील पुरुषमंडळी, नेमके कुठे उभे राहावे हे न कळून, उंबऱ्यावर अडचण करून उभी राहतात. हा उद्योग आजचा नव्हे. लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री स्त्रियांनी सुपे वाजवून अलक्ष्मीला घराच्या अंगणातून हाकलून लावावे, असे धर्मशास्त्राच्या ग्रंथांत सांगितलेले आहे. ज्या दिवशी सोन्यानाण्याची पूजा होते त्याच दिवशी नवी केरसुणी आणून तिलाही हळदकुंकू वाहण्याची चाल आपल्याकडे अजून आहे. काय घरात ठेवावे आणि काय बाहेर घालवावे हा प्रश्न आपल्या पूर्वजांना एवढा महत्त्वाचा वाटला की त्यांनी त्यालाही देवत्व दिले.

राजांच्या स्वाऱ्यांचा इतिहास आपण शाळेत शिकतो. पण डबा कुठे ठेवला, अंथरुण कुठे गेले, जुने लुगडे कुणाच्या हाती पडले, याचाही एक इतिहास आहे आणि तो बहुतांशी बायकांनी घडवला आहे. आज त्याचीच थोडी आवराआवर करू.

जुन्या घरात भिंत नुसती आडोशाला नसे. ती साठवणीलाही असे. देशावरच्या वाड्यांच्या भिंती दोन दोन हात रुंद. त्या भिंतींच्या पोटात कोनाडे असत, ते दिवलीसाठी. फडताळे असत, ती लोणच्याच्या बरण्यांसाठी आणि पोथ्यांसाठी. आणि मोठ्या घरांत बळदे असत, त्यांत वर्षाचे धान्य मावे. भिंतीला खुंट्या, त्यांवर पागोटे आणि उपरणे. आढ्याला शिंके, त्यात मांजराच्या नाकावर टिच्चून दहीदूध. वर दांडी, तिच्यावर काठीने घातलेले सोवळे. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उतरंड. तळाला मोठे मडके आणि वर लहान होत जाणारी. तिच्यातील एखाद्या मडक्यात डाळीखाली घरच्या बाईने साठवलेले चार पैसे असत, आणि ते कोणत्या मडक्यात आहेत हे तिच्यावाचून कुणाला ठाऊक नसे. त्यामुळे वाड्यात सामान पुष्कळ असूनही जमीन मोकळी राही.

ही भिंत मराठी माणसाच्या हातून सुटली ती मुंबईत. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी कापडाच्या गिरणीची कंपनी उभी केली. १८५६ मध्ये ताडदेवला ती गिरणी चालू झाली आणि पुढच्या पन्नास वर्षांत रत्नागिरी-साताऱ्याची खेडी गिरणगावात येऊन दाखल झाली. घरमालकांनी त्यांच्यासाठी चाळी बांधल्या त्या भाड्याच्या हिशेबाने, उजेडवाऱ्याच्या नव्हे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, तेव्हा सरकारचे डोळे या खोल्यांकडे वळले. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, काही चाळीही बांधल्या. पुढे १९२० नंतर गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत डेव्हलपमेंट खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ इमारती उठवल्या. त्याच बी. डी. डी. चाळी. तळमजला धरून चार मजले, एका इमारतीत ऐंशी खोल्या, आणि खोली १६० चौरस फुटांची. भाडे न परवडल्यामुळे आरंभी त्यांतील कितीतरी खोल्या रिकाम्या होत्या. पुढे त्या अशा भरल्या की एका खोलीत दोन दोन पिढ्या एकदम नांदू लागल्या.

आता १६० चौरस फुटांत संसार मांडायचा तरी कसा? भिंत परक्याची, तिच्यात कोनाडा खणता येत नाही. मग लोकांनी दोन युक्त्या काढल्या. पहिली उंचीची. भिंतीला फळी ठोकली, फळीवर डबे चढले. दाराच्या वरच्या बाजूला फळ्यांचा पोटमाळा झाला. त्यावर गणपतीची आरास, पाहुण्यांच्या गाद्या, पाळणा, आणि कोकणात परत जाऊ तेव्हा लागेल म्हणून ठेवलेले सामान चढले. खाट असलीच तर तिच्या पायांखाली विटा आल्या, म्हणजे खाली ट्रंका सरकवता येत. मोरीच्या कठड्यावर पिंप बसले आणि चुलीशेजारी भांड्यांची मांडणी उभी राहिली.

दुसरी युक्ती त्याहून खोल होती. जागा वाढवता येत नाही, तर वेळ वाटून घ्यावी. पहाटे तीच खोली न्हाणीघर, मग स्वयंपाकघर, दुपारी धाकट्यांची शाळा, संध्याकाळी दिवाणखाना आणि रात्री शेजघर. प्रत्येक वेळी आधीचे सगळे आवरल्यावाचून पुढचे सुरूच होत नसे. गादीची वळकटी झाल्यावाचून पोळपाट मांडता येत नाही, आणि पोळपाट उचलल्यावाचून मुलाला पाटी घेऊन बसता येत नाही. ज्या गाळ्यांत गावाकडची एकटी माणसे दहा-पंधरा मिळून राहत तिथे पाळीप्रमाणे अंथरुणेही बदलत. रात्रपाळीचा येई तेव्हा दिवसपाळीचा निघालेला असे. अशा माणसांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया आपल्या एका खोलीत पंगतींवर पंगती उठवत. पुढे १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना बांधली. एवढ्या माणसांचे ताटवाटी, कणीक, सरपण यांचे नियोजन ज्या खोलीत होत होते त्या खोलीत पसाऱ्याला जागाच नव्हती. 'जागची वस्तू जागी' हे वाक्य आज मुलांना सुविचार म्हणून सांगतात. चाळीत ते जगण्याचे साधन होते.

आणि या साऱ्या व्यवस्थेत बाईची स्वतःची जागा कोणती? एक ट्रंक. लग्नात आलेली, झाकणावर नाव रंगवलेली, खाटेखालची. तिच्यात शालू, मुलांची जावळातली टोपडी, माहेरची पत्रे. खोली सगळ्यांची होती. ट्रंकेची किल्ली तेवढी तिची होती.

घरात येणाऱ्या वस्तूला सहसा एकच जन्म नसे. रॉकेलचा डबा रिकामा झाला की झाकण बसवून घेऊन तांदळाचा होई. १९३७ साली डालडा बाजारात आले. त्याचे पिवळे डबे घरोघर डाळी-पिठासाठी आणि गंज चढल्यावर तुळशीसाठी उपयोगी पडले. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आले आणि डब्याला अधिकच मोल चढले. कारण आज मिळालेले धान्य पुढच्या खेपेपर्यंत पुरवून खायचे होते. लुगडे विरले की त्याची गोधडी होई, गोधडी फाटली की बाळाची दुपटी, दुपट्यांची पोतेरी, आणि पोतेरे संपले म्हणजे मगच ते लुगडे संपले असे म्हणता येई. टाकून देणे ही क्रिया या घरांत फारशी नव्हतीच. वस्तू टाकली जात नसे, ती उतरत जाई.

जी उतरूनही उरे तिच्यासाठी दारावर माणसे येत. रद्दीवाला तराजू घेऊन येई. बोहारीण येई ती डोक्यावर भांड्यांची पाटी आणि पाठीवर कपड्यांचे गाठोडे घेऊन. तिच्याशी चालणारा सौदा हा दुपारच्या वेळचा मोठा सोहळा असे. ती विजार उजेडात धरून विरलेली जागा दाखवी, घरची बाई जरीचा काठ दाखवी, शेजारणी गॅलरीतून साक्षीला येत, आणि अर्ध्या तासाने चार साड्या नि दोन विजारींवर एक पातेले ठरे. ती उठून चालू लागे, तिला परत बोलावण्यात येई, आणि पातेल्यावर एक चमचा जास्त पदरात पडे. ते कपडे पुढे दुरुस्त होऊन जुन्या बाजारात जात आणि आणखी गरिबाच्या अंगावर चढत. शहराचा केवढा तरी पसारा या बायकांनी आपल्या पाठीवरून वाहून नेला आहे. त्यांच्या नावाचा दगड कुठे नाही.

पुढे काळ पालटला. गोदरेजने लोखंडी कपाट १९२३ सालीच आणले होते, पण सामान्य घरांत ते शिरले स्वातंत्र्यानंतर, बहुधा लेकीच्या लग्नात किंवा बोनसच्या पैशांतून. कपाटाला आरसा आला, आरशामागे लॉकर आला, आणि खाटेखालची ट्रंक पोटमाळ्यावर गेली. मग स्टेनलेस स्टील आले. पितळेला कल्हई लागते. कथील, नवसागर, भाता आणि कल्हईवाल्याची वाट पाहणे आले. स्टीलला यातले काही लागत नाही. बायकांचे कष्ट त्याने वाचवले, हे मान्य केलेच पाहिजे. चिंचेने हंडे घासून ज्यांच्या बोटांना चिरा पडल्या त्यांना पितळेचे गुणगान कुणी ऐकवू नये. परंतु त्या लाटेत घरोघरचे हंडे, घंगाळे, तपेली मोडीत निघाली.

इथे मला इतिहासाचार्य राजवाड्यांची आठवण होते. जुन्या घराण्यांच्या माळ्यांवर मोडी कागदांची दप्तरे वाळवीला चारा म्हणून पडून होती. काही वाण्याकडे पुड्यांसाठी जात होती. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडले, माळ्यांवर चढले, आणि १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड बाहेर पडला. त्याच सुमारास मिरजेच्या शाळेत शिकवणारे वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांचे कागद लावत बसले होते. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. ज्याला घरची माणसे अडगळ म्हणत होती त्यातून मराठ्यांचा इतिहास निघाला.

पण ते कागद पुरुषांचे होते. कारभाऱ्यांचे, सरदारांचे, सावकारांचे. ज्यांना अक्षर शिकवलेच नव्हते त्या बायकांची दप्तरे कुठली? ती भांड्यांवर होती. आहेराच्या पातेल्यावर छिन्नीने टिंब टिंब देऊन नाव घातलेले असे: कुणी दिले, कुणाला दिले, कोणत्या निमित्ताने, कधी तिथी, कधी साल. मुंजीचे ताम्हन, डोहाळजेवणाचे ताट, मुलीला सासरी जाताना दिलेला तांब्या. कित्येक बायकांचे नाव त्यांच्या हयातीत त्या तांब्यावाचून दुसरीकडे कुठे लिहिलेच गेले नसेल. असे भांडे मोडीत जाते तेव्हा तराजूत फक्त वजन धरतात, त्यातूनही घट वजा होते, आणि नाव भट्टीत वितळते.

हे ज्याला फार लवकर उमगले असा एक माणूस पुण्यात होऊन गेला. कवी अज्ञातवासी, म्हणजे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०), यांनी दिवे, अडकित्ते, विळ्या, शेवयांचे साचे, फण्या असल्या घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या. अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी संग्रहालय केले आणि १९७५ साली वीस हजारांहून अधिक वस्तूंचा तो ठेवा महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. राजवाड्यांनी कागदांसाठी जे केले ते केळकरांनी विळीसाठी केले.

आज पुन्हा मोठी आवराआवर चालू आहे. बी. डी. डी. चाळी पाडून तिथे उंच इमारती होत आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षे ज्यांनी एका खोलीत दिवस काढले त्यांना स्वतःचे स्वयंपाकघर मिळाले ही आनंदाचीच गोष्ट. पोटमाळ्यावरचे सगळेच तिकडे न्यावे असे मी म्हणणार नाही. तळ गेलेली बादली आणि काडी मोडलेली छत्री म्हणजे परंपरा नव्हे. अडगळ आणि ठेवा यांत फरक एकच: जिची हकीकत सांगणारे कुणी घरात आहे ती वस्तू ठेवा, आणि जिची हकीकत कुणालाच सांगता येत नाही ती अडगळ.

तेव्हा या दिवाळीत माळा जरूर झाडा. मोड देताना मात्र पातेले एकदा उजेडात उलटसुलट करून पाहा. काठाखाली नाव असेल. आजी असेल तर तिला विचारा, ही कोण? ती सांगेल ते वहीत उतरून घ्या, साल असेल तर सालासकट. मग पातेले दिले तरी चालेल.