उसनं हाड

१९११चा भादवा. तुम्ही जवळा बाजारात उभे आहात, पण हिंगोली जिल्ह्यात नाही. तो जिल्हा व्हायला अजून ८८ वर्षं आहेत. हा निजामाच्या राज्यातला परभणी जिल्हा. हैदराबादेत महबूब अली खान नुकतेच वारलेत, गादीवर उस्मान अली खान आलेत आणि बाजाराला आलेली माणसं त्याचंच बोलतायत. तुमचं लक्ष मात्र लिंबाखाली बसलेल्या एका पोराकडे जातं. सात-आठ वर्षांचं असेल. दोन्ही हात मांड्यांवर रेटून बसलंय, कारण धडाचा भार पाठीला पेलत नाही. तुम्ही मागून जाता. सदऱ्याखाली पाठीच्या मधोमध टोकदार कुबड आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना डागण्यांचे वण.

आत काय चाललंय ते तुम्हाला ठाऊक आहे. क्षयाच्या जंतूंनी मणक्याचा पुढचा भाग पोखरला, तो ढासळला आणि वरचा कणा पुढे कलला. पू साचून मज्जारज्जू दाबली गेली की पाय जातील. त्याची आई तुम्हाला विचारते, "पोरगं नीट व्हईल का हो?" क्षयावरचं पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ साल उजाडावं लागणार आहे. तुमच्याकडे उत्तर नाही. जवळ्यातच काय, हैदराबादेतही ते कुणाकडे नाही.

अर्धंमुर्धं उत्तर त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये घडतंय. तिथे चला. ईथरचा वास डोक्यात जातो. टेबलावर अशाच कुबडाचा रुग्ण पालथा झोपवलेला आहे आणि डॉ. फ्रेड आल्बी त्याच्या पाठीवर नव्हे, पायावर वाकलेत. नडगीतून हाडाची लांब पट्टी काढतात. मग पाठ उघडतात, मणक्यांचे मागचे काटे मधोमध उभे चिरतात आणि त्या फटीत ती पट्टी बसवून वरून शिवून टाकतात. त्याच शहरात डॉ. रसेल हिब्स बाहेरून काहीच न घेता मणक्यांच्या मागच्या भागाचेच तुकडे उचलून एकमेकांना टेकवतायत. हेतू दोघांचा एकच: मणके एकमेकांशी जुळून यावेत, कणा तिथे हलायचा थांबावा, म्हणजे रोगही शमेल. दोघांचेही लेख १९११ सालीच छापून आले. आज तुमच्या ओळखीत कुणाच्या मणक्यात 'स्क्रू टाकले' असतील, तर त्या ऑपरेशनचा उगम इथे आहे.

पण त्या रुग्णाच्या पायाकडे पुन्हा बघा. दुखणं पाठीचं आणि नवी जखम नडगीला. पुढे नडगीची जागा कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेने घेतली. तिथलं हाड मऊ, जिवंत पेशींनी भरलेलं, आणि जुळवायला आजही त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं नाही. तरी पाठ बरी झाली पण कमर ठणकते, असं सांगणारे रुग्ण पिढ्यान् पिढ्या येत राहिले. दुसरीकडची जखम टाळायची तर हाडाला पर्याय हवा. १८९२ साली जर्मनीत ड्रीसमान यांनी हाडातल्या पोकळ्या प्लास्टर ऑफ पॅरिसने भरून पाहिल्या होत्या. ते शरीरात लवकर विरघळतं, हाडाला वाढायला सवड मिळत नाही. आणि १९२० साली ससे घेऊन बसलेला माणूस कोण, तर पुन्हा आल्बीच. सशाच्या मोडलेल्या हाडात ते कॅल्शियम फॉस्फेट टोचतात आणि हाड लवकर भरून येतं. आपल्या नावाजलेल्या शस्त्रक्रियेवर न थांबता पुढचं शोधायला बसलेल्या या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

आता लॉस एंजेलिस, १९६५. डॉ. मार्शल युरिस्ट यांच्या प्रयोगशाळेत तुमच्या हातात एक हाड आहे आणि ते वाकतंय. हायड्रोक्लोरिक आम्लाने त्यातला चुना काढून घेतलाय. असा तुकडा सशाच्या स्नायूत ठेवतात. काही आठवड्यांनी तुम्ही पाहता, तर जिथे हाड असायचं काही कारण नाही तिथे, मांसात, नवं हाड तयार झालंय. म्हणजे हाडात नुसता चुना नाही. 'इथे हाड कर' असा निरोप देणारं काहीतरी आहे. १९७१ साली त्याला बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन (बीएमपी) हे नाव मिळतं आणि १९८८ साली त्याची जनुकं हाती लागतात.

त्याच १९८८ साली तुम्ही मुंबईत, परळला, टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये या. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मदतीने इथे ऊतीपेढी, म्हणजे टिश्यू बँक, सुरू झालीय. इथे जरा थांबा, कारण या सगळ्या कथेत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. खुब्याचा सांधा बदलताना मांडीच्या हाडाचा गोळा काढावा लागतो. एरवी तो कचऱ्यात जातो. दात्याची संमती घेऊन, रक्त तपासून तो इथे घेतला जातो. धुतात, चरबी आणि मज्जा काढतात, कापतात, गोठवून सुकवतात, पाकिटात बंद करतात. मग ती पाकिटं ट्रॉम्बेला जातात, १९७४ पासून चालू असलेल्या आयसोमेड केंद्रात. तिथे कोबाल्ट-६०च्या गॅमा किरणांचा २५ किलोग्रेचा मारा होतो. जंतू मरतात, हाड मात्र किरणोत्सारी होत नाही. कुणा अनोळखी माणसाचं टाकाऊ हाड दुसऱ्याच्या मणक्यांना जोडायला तयार होतं.

त्यात जिवंत पेशी उरत नाहीत, त्यामुळे ते स्वतः काही जुळवत नाही. कारल्याच्या वेलाला मांडव लागतो तसं ते शरीराला चढायला आधार देतं. चढायचं काम शरीराचंच.

२ जुलै २००२. अमेरिकेत युरिस्ट यांच्या त्या 'निरोपा'ला परवानगी मिळते: प्रयोगशाळेत बनवलेलं बीएमपी-२, कोलॅजेनच्या स्पंजात भिजवून, धातूच्या पिंजऱ्यात घालून, पोटाकडून कमरेच्या मणक्यांत बसवायचं. कमरेचं हाड काढायला नको. तुम्ही हुरळून जाल, सगळे हुरळले. परवानगी नसलेल्या जागीही ते वापरलं जाऊ लागलं. मानेत वापरल्यावर सूज येऊन श्वास कोंडण्याचे प्रकार झाले आणि जुलै २००८ मध्ये सरकारी इशारा निघाला. जून २०११ मध्ये 'द स्पाइन जर्नल'ने दाखवून दिलं की उत्पादकाच्या पैशावर झालेल्या सुरुवातीच्या अभ्यासांत दुष्परिणाम फार कमी नोंदले गेले होते. २०१३ सालच्या स्वतंत्र फेरतपासणीत, रुग्णाच्या दुखण्याच्या हिशेबाने, ते स्वतःच्या हाडापेक्षा ठळकपणे सरस ठरलं नाही. महाग ते चांगलं, हे मणक्याच्या बाबतीत तरी मी मानत नाही, ते यामुळे.

आज. नांदेडमधलं एक ऑपरेशन थिएटर. टेबलावर जवळ्याच्या मोंढ्यातला हमाल आहे. हळद आणि सोयाबीनची पोती वाहून कमरेचा चौथा मणका पाचव्यावर सरकलाय, नस दबलीय. डॉक्टर स्क्रू बसवतात, मग नस मोकळी करायला मागचं हाड कुरतडून काढतात. सिस्टर ते तुकडे वाटीत घेते, चिकटलेलं मांस सोलून बारीक चुरा करते. या खोलीतली सगळ्यांत मोलाची वस्तू त्या वाटीत आहे: रुग्णाचंच हाड, वेगळी जखम न करता मिळालेलं. चुरा कमी पडतो म्हणून त्यात पांढरे दाणे मिसळतात, हायड्रॉक्सिॲपटाइट आणि ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचे. आल्बींच्या सशाचं औषध शंभर वर्षांनी इथवर पोचलंय. मणक्यांचा वरचा पापुद्रा रक्त येईपर्यंत खरवडतात आणि तिथे हे मिश्रण भरतात. खरवडण्यात कुचराई झाली तर कुठलाही दाणा कामाचा नाही.

तिसऱ्या महिन्यात तुम्ही आत शिरता. दाण्यांच्या छिद्रांतून नव्या रक्तवाहिन्या घुसल्यात. एक पेशी जुनं हाड खातेय, मागून दुसरी नवं घालतेय. स्क्रू तोवर भार धरून आहेत. पण धातू थकतो. हाड वेळेत जुळलं नाही तर स्क्रू ढिले होतात, तुटतात. आणि तंबाखूतलं निकोटिन याच रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून बिडी सोडा हे सांगणं उपदेशाचं नाही, ऑपरेशनचाच भाग आहे.

वर्षाने सीटी स्कॅन होतो. दोन मणक्यांमध्ये सलग हाड दिसतं, मधे एखाददुसरा न विरलेला दाणा.

"डॉक्टरसाहेब, पोतं कवा उचलू?"

"पोतं आता नाही. एक सांधा जुळला की वरच्या सांध्यावर ताण येतो. दुसरं काम बघा."

परतीच्या एसटीत तो बराच वेळ हिशेब करतो. मग तुम्हाला विचारतो, मोंढ्यात काट्यावर वजन लिहून घ्यायला सातवी शिकलेला माणूस चालतो का.