सागरापलीकडील दीपावली

शरद ऋतु म्हटला कीं निवळलेलें आकाश, कापणीस आलेलें भात आणि आश्विनांतील सण हीं सर्व महाराष्ट्रीय मनुष्याच्या डोळ्यांपुढें एकदम उभीं राहतात. ऋतु आणि सण यांचें नातें आपल्याकडे इतकें निकट आहे. मग ज्या भूमींत शरद ऋतूच नाहीं, तेथें जाऊन पडलेल्या माणसांची दिवाळी कशी टिकली? वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटाच्या इतिहासांत या प्रश्नाचें उत्तर सांपडतें.

१८३४ सालीं ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी कायद्यानें रद्द झाली, आणि उमेदवारीच्या नांवाखालीं उरलेली सक्तीही १८३८ सालीं संपली. तेव्हां उंसाच्या मळेवाल्यांनीं मजुरांसाठीं हिंदुस्थानाकडे दृष्टि वळविली. कलकत्त्याहून निघालेलें ‘फतेल रझाक’ हें जहाज सुमारें सव्वादोनशें माणसें घेऊन ३० मे १८४५ रोजीं त्रिनिदादला लागलें. पुढें १९१७ पर्यंत सव्वा लाखाहून अधिक माणसें करारावर तेथें गेलीं. त्यांतील बहुतेक हल्लींच्या उत्तर प्रदेशाचा पूर्वभाग आणि बिहार येथील होतीं. कांहीं मद्रास बंदरांतून गेलीं. करार पांच वर्षांचा असे. मळा सोडून बाहेर जावयाचें तर परवान्याचा कागद जवळ बाळगावा लागे, आणि कामांत कसूर झाल्यास तुरुंगवासही घडे.

त्या बेटावर ऋतु दोनच : कोरडा आणि पावसाळी. ऊंस तोडावयाचा तो वर्षारंभीच्या कोरड्या महिन्यांत. दिवाळीची अमावास्या येते तेव्हां तेथें पावसाळा पुरता सरलेलाही नसतो. पंचांग समुद्रापार गेलें, ऋतु मात्र मागेंच राहिला.

शिवाय सण उघडपणें साजरा करणें निर्धोक नव्हतें. मोहरमच्या मिरवणुकींत मुसलमानांबरोबर हिंदु मजूरही सामील होत. १८८४ सालीं या मिरवणुकींना शहरांत येण्यास मनाई झाली. ३० ऑक्टोबर रोजीं सान फर्नांडो शहराच्या वेशीवर जमलेल्या मजुरांवर गोळीबार झाला. पंधराहून अधिक माणसें मेलीं आणि कितीतरी जखमी झालीं. मजुरांच्या एकत्र येण्याचें सरकारला केवढें भय वाटे, हें यावरून दिसतें. दिवाळीला मिरवणूक लागत नाहीं. बराकीच्या दाराशीं पणती लावावयास कोणाचा परवाना नको, हेंही तिच्या टिकण्याचें एक कारण असावें.

पणतीला लागणारी मातीही तेथें मिळाली. चग्वानासच्या आसपास कुंभारकाम रुजलें, नारळाचें तेल वातीला आलें. बांबू चिरून, वांकवून त्याच्या कमानी करावयाच्या आणि त्यांवर पणत्यांच्या ओळी मांडावयाच्या, ही तेथील खास रीत. पणतीला तेथें ‘देया’ म्हणतात. तो आपल्या ओळखीचा ‘दिया’च होय.

करार संपल्यावर मायदेशीं परतणारे थोडे, राहणारेच पुष्कळ. १८६९ पासून कांहीं वर्षें परतीच्या प्रवासाच्या हक्काच्या मोबदल्यांत सरकारी जमीनही देण्यांत आली. त्यांतून हिंदी लोकांचीं गांवें वसलीं. तथापि जमिनीचा मालक झालेल्या माणसाचा धर्म राज्यकर्त्यांच्या लेखीं परकाच राहिला. हिंदु पद्धतीच्या विवाहाला कायद्याची मान्यता मिळण्यास १९४५ साल उजाडावें लागलें. १९६२ सालीं त्रिनिदाद व टोबॅगो स्वतंत्र झाले, आणि १९६६ पासून दिवाळी ही साऱ्या देशाची सार्वजनिक सुट्टी झाली. १९८६ पासून ‘दिवाळी नगर’ हा मोठा उत्सव भरूं लागला. त्यांत अन्यधर्मीयही येतात.

आज तेथें दिवे लावणाऱ्यांपैकीं बहुतेकांनीं गंगा पाहिलेली नाहीं. त्यांचा मायदेश त्रिनिदाद हाच. पणजोबांना जी दिवाळी दूरच्या घराची आठवण म्हणून लावावी लागली, ती पणतवंडांना आपल्या स्वतःच्या घरची वाटते. परक्या भूमीला आपली म्हणण्याचा हक्क या लोकांना कोणी देऊं केला नव्हता. वर्षानुवर्षें दाराशीं दिवा लावून तो त्यांनीं मिळविला.