'पुढं न्या'ची कुळकथा

कशेळे किंवा चौकच्या ग्रामीण रुग्णालयातून, कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयातून रोगी पनवेलला, अलिबागला नाहीतर मुंबईला निघतो तेव्हा नातेवाइकाच्या हाती एक चिठ्ठी पडते. वाडीवर तो सांगतो, 'पुढं न्यायला सांगितलं', किंवा 'रेफर केलं'. चिठ्ठी हा शब्द इंग्रजांनी इथेच ऐकला, त्याचा 'चिट' करून मायदेशी नेला आणि 'रेफर' आपल्याकडे ठेवून गेले. हा सौदा तोट्याचाच म्हणायचा. चिठ्ठीत निरोप असतो. रेफरमध्ये नुसत्या रवानगीनेही भागून जाते.

रोगी सोपवताना काय बोलावे याची शिस्त मात्र दवाखान्यात जन्मलेली नाही. तिचे मूळ अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांत आहे. तिथून २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत मायकेल लिओनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती कोलोरॅडोतल्या कैसर परमनंटे या आरोग्यसंस्थेत आणली. आत्ता काय झाले, आधी काय होते, मला काय वाटते, आता काय करावे, हे तिचे चार टप्पे. २००७मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही ही 'एसबार' पद्धत सुचवली. माझ्या मते तिचा जीव शेवटच्या दोन टप्प्यांत आहे, कारण तिथे हाताखालच्या माणसाला वरिष्ठापुढे स्वतःचे मत मांडावे लागते. छापील फॉर्म ते धैर्य देत नाही. ते वर्गात, बोलून बोलून कमवावे लागते.

यावर नेहमीचा आक्षेप वेळेचा. बाह्यरुग्ण विभागात रांग लागलेली असताना एवढे बोलायचे कधी? २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आयपास' अभ्यासात नऊ रुग्णालयांतल्या निवासी डॉक्टरांना सोपवणीचे रीतसर शिक्षण दिले गेले. वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या आणि सोपवणीला लागणारा वेळ काही वाढला नाही. ती बालरोग विभाग असलेली मोठी रुग्णालये होती, तिथले आकडे इथल्या ग्रामीण रुग्णालयांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हे खरे. पण भातशेतीच्या दिवसांतला सर्पदंश घ्या. दंश किती वाजता झाला, वीस मिनिटांच्या चाचणीत रक्त गोठले का, प्रतिविषाच्या किती कुप्या दिल्या आणि कधी, एवढे फोनवर सांगायला दोन मिनिटे पुरतात. ते सांगितले नाही तर पुढच्या डॉक्टरला सगळे पहिल्यापासून शोधत बसावे लागते.

दुसरा आक्षेप असा की २०१४पासून धावणाऱ्या १०८च्या गाडीत डॉक्टर असतोच, तो सांगेल. सांगेल, पण निरोपाला आणखी एक तोंड वाढले. शिवाय रोगी दरवेळी त्याच गाडीने जातो असेही नाही. रिक्षाने किंवा लोकलने निघालेल्या ठाकर किंवा कातकरी कुटुंबात सगळा इतिहास नातेवाइकाच्या तोंडी असतो, आणि पाणबुडीतल्या चार टप्प्यांत त्या नातेवाइकाला जागाच नाही. २०१९च्या एमबीबीएस तुकडीपासून 'एटकॉम' या अभ्यासक्रमात संवाद हा शिकवायचा विषय झाला. त्यात आणखी एक सराव घालावा: विद्यार्थ्याने सोबतच्या माणसाला त्याच्या बोलीत समजावायचे, मग त्याच्याकडूनच वदवून घ्यायचे, की साप किती वाजता चावला, किती कुप्या दिल्या आणि पनवेलला पोचल्यावर सगळ्यात आधी काय सांगायचे.