भारतातील तिबेटी निर्वासितांचा स्वयंरोजगार

१९५९ नंतर तिबेटमधून भारतात आलेल्या निर्वासितांनी शेती, गालिचे विणणे, स्वेटरविक्री, उपाहारगृहे आणि हस्तकला या व्यवसायांच्या आधारे भारतात उपजीविकेची साधने उभी केली. त्यासाठी केंद्र सरकार, राज्य सरकारे, स्वयंसेवी संस्था, परदेशी साहाय्य संस्था आणि धरमशाला येथील केंद्रीय तिबेटी प्रशासन यांनी वेगवेगळ्या स्वरूपाची मदत केली. आश्रय देणाऱ्या देशात नागरिकत्व नसतानाही निर्वासित स्वतःच्या पायावर उभे राहू शकतात, याचे उदाहरण म्हणून या अनुभवाचा अभ्यास केला जातो. नागरिकत्वाविना उभा राहिलेला व्यवसाय किती अस्थिर असतो, हेही त्यातून दिसते.

पार्श्वभूमी

चौदावे दलाई लामा ३१ मार्च १९५९ रोजी भारताच्या हद्दीत आले. त्यांच्यामागोमाग हजारो तिबेटी लोक हिमालय ओलांडून आले. त्यांची तात्पुरती व्यवस्था आसाममधील मिसामारी आणि पश्चिम बंगालमधील बक्सा येथील छावण्यांत करण्यात आली. आचार्य जे. बी. कृपलानी यांच्या अध्यक्षतेखालील केंद्रीय साहाय्य समितीने मदतकार्याचे संयोजन केले. थंड, कोरड्या पठारावरून आलेल्या या लोकांना मैदानी प्रदेशातील उष्ण व दमट हवामान मानवले नाही आणि छावण्यांत रोगराई पसरली.

छावण्यांतून बाहेर काढलेल्या अनेकांना हिमालयातील रस्तेबांधणीच्या कामावर मजूर म्हणून नेमण्यात आले. हे काम कष्टाचे आणि धोक्याचे होते. कुटुंबे कामाबरोबर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी फिरत असल्यामुळे मुलांची आबाळ होई. शिधा आणि मजुरी यांवर कायम अवलंबून राहणारा समाज टिकणार नाही, हे लक्षात आल्यावर कायमस्वरूपी वसाहतींचा विचार पुढे आला.

शेती वसाहती आणि सहकारी संस्था

तत्कालीन म्हैसूर राज्याने बैलकुप्पे येथे सुमारे ३,००० एकर जमीन उपलब्ध करून दिली आणि १९६० च्या अखेरीस तेथे पहिली मोठी वसाहत सुरू झाली. त्यानंतर मैनपाट (आता छत्तीसगड), चंद्रगिरी (ओडिशा), मुंडगोड (कर्नाटक) आदी ठिकाणी वसाहती झाल्या. जमीन बहुतांशी जंगलाची होती. ती साफ करून तिच्यावर मका पिकवला जाऊ लागला. बैलकुप्पे येथे रानटी हत्तींच्या उपद्रवामुळे पिकांचे नुकसान होत असे.

वसाहतींमध्ये सहकारी संस्था स्थापन झाल्या. बियाणे व खते पुरवणे, ट्रॅक्टर भाड्याने देणे, धान्य विकणे आणि दुकाने चालवणे ही कामे त्यांच्याकडे होती. एकट्या निर्वासिताला बाजारात जी पत नव्हती, ती संस्थेच्या नावावर मिळू लागली.

कर्नाटकातील पुनर्वसनाला मदत करण्यासाठी १९६८ मध्ये म्हैसूर रीसेटलमेंट अँड डेव्हलपमेंट एजन्सी (मायराडा) ही संस्था स्थापन झाली. तिबेटी पुनर्वसनाचे काम पूर्ण झाल्यावर ती ग्रामीण भारतीय कुटुंबांसाठी काम करू लागली. १९८० च्या दशकात तिने चालवलेल्या पतगटांच्या अनुभवाचा उपयोग पुढे देशातील बचत गट चळवळीला झाला. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक कार्यक्रम सुरू केला. निर्वासितांच्या मदतीसाठी उभ्या राहिलेल्या संस्थेचा लाभ अशा रीतीने यजमान देशालाही झाला.

हस्तकला

दार्जिलिंग येथे १९५९ मध्येच तिबेटी निर्वासित स्वावलंबन केंद्र सुरू झाले. गालिचे विणणे, लाकडावरील कोरीवकाम, चामड्याच्या वस्तू आणि लोकरीचे कापड यांचे उत्पादन तेथे होऊ लागले. लोक आपल्याबरोबर जे कौशल्य घेऊन आले होते, त्यालाच बाजारपेठ मिळवून देणे हे या केंद्राचे सूत्र होते. नेपाळमध्येही स्विस साहाय्याने जावलाखेल येथे असाच प्रयत्न झाला आणि त्यातून वाढलेला गालिचा उद्योग पुढे नेपाळच्या प्रमुख निर्यात उद्योगांपैकी एक बनला. धरमशालेजवळील नोर्बुलिंगका संस्थेत (स्थापना १९८८) थांका चित्रकला, काष्ठशिल्प आणि कापडावरील जोडकाम यांचे शिक्षण दिले जाते. कला जतन करणे आणि कारागिराला उत्पन्न मिळवून देणे असे दोन्ही हेतू तिच्या कामात आहेत.

स्वेटर व्यवसाय

वसाहतींमधील शेती बहुतांशी कोरडवाहू असल्यामुळे पावसाळी पीक निघाल्यावर हाताला काम उरत नसे. या रिकाम्या काळातून हिवाळी स्वेटरविक्रीचा व्यवसाय वाढला. आरंभी हाताने विणलेले लोकरी कपडे रस्त्याकडेला विकले जात. पुढे पंजाबातील लुधियाना येथील कारखान्यांत तयार झालेला माल विकला जाऊ लागला. साधारणतः ऑक्टोबर ते जानेवारी या काळात तिबेटी कुटुंबे देशभरातील शहरांत जातात आणि ठरावीक जागी तात्पुरता बाजार मांडतात. हा बाजार अनेक ठिकाणी ‘तिबेटी बाजार’ या नावाने ओळखला जातो.

या व्यवसायाचा पाया उधारी हा आहे. तारण ठेवण्यासारखी स्थावर मालमत्ता नसल्यामुळे निर्वासितांना बँकेचे कर्ज मिळणे अवघड असते. अशा वेळी लुधियानाचे घाऊक व्यापारी मोसमाच्या आरंभी माल उधार देतात आणि विक्री झाल्यावर हिशेब चुकता केला जातो. वर्षानुवर्षांच्या व्यवहारातून निर्माण झालेला विश्वास हेच येथे तारण असते. व्यापाऱ्यांच्या संघटना जागा मिळवणे, महापालिकांशी बोलणी करणे आणि सभासदांतील वाद मिटवणे ही कामे पाहतात.

या पद्धतीत जोखीमही मोठी आहे. उबदार हिवाळा गेला तर माल पडून राहतो, मात्र देणे कायम असते. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी जाहीर झालेली नोटाबंदी ऐन मोसमात आल्यामुळे रोखीने चालणाऱ्या या बाजाराला फटका बसला. २०२० मध्ये कोविड साथीमुळे अनेक ठिकाणचे बाजार अडचणीत आले.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्रातील नोर्गेलिंग ही तिबेटी वसाहत गोंदिया जिल्ह्यातील (पूर्वीच्या भंडारा जिल्ह्यातील) अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगाव येथे इटियाडोह धरणाच्या परिसरात आहे. तिची स्थापना १९७२ मध्ये झाली. शेती आणि हिवाळी स्वेटरविक्री हे तेथील रहिवाशांचे प्रमुख व्यवसाय आहेत. नागपूर, पुणे, मुंबई आदी शहरांतही हिवाळ्यात तिबेटी विक्रेत्यांचे बाजार भरतात.

कायदेशीर स्थिती

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर स्वाक्षरी केलेली नाही. तिबेटी लोकांना कायद्याने परदेशी नागरिक मानले जाते आणि त्यांना ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागणारे नोंदणी प्रमाणपत्र देण्यात येते. व्यवसाय परवाना, गाळ्याचा भाडेकरार, बँक खाते आणि कर्ज या प्रत्येक टप्प्यावर या प्रमाणपत्राचा प्रश्न उभा राहतो.

केंद्र सरकारने २०१४ मध्ये तिबेटी पुनर्वसन धोरण जाहीर केले. वसाहतींच्या जमिनींचे दीर्घ मुदतीचे भाडेपट्टे, व्यवसाय परवाने, पात्रतेनुसार विविध क्षेत्रांत काम करण्याची मुभा आणि काही सरकारी योजनांचा लाभ यांचा त्यात समावेश आहे. त्याची अंमलबजावणी राज्य सरकारांच्या निर्णयावर अवलंबून असल्यामुळे तिचे स्वरूप राज्यागणिक वेगळे आहे.

नागरिकत्व कायद्यानुसार २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने भारतीय नागरिक ठरते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ही तरतूद तिबेटी व्यक्तीलाही लागू असल्याचा निर्णय दिला. नागरिकत्वामुळे मालमत्ता आणि कर्ज मिळवण्याचा मार्ग सुकर होतो. दुसरीकडे, ते घेतल्यास तिबेटी अस्मिता आणि परतण्याची आशा क्षीण होईल, असे मत समाजातील एका वर्गात आहे.

मूल्यमापन

केंद्रीय तिबेटी प्रशासनाच्या २००९ च्या जनगणनेनुसार भारतात ९४,२०३ तिबेटी राहत होते. छावणीतील शिध्यापासून स्वतःच्या व्यवसायापर्यंतच्या त्यांच्या वाटचालीत चार गोष्टी निर्णायक ठरल्या: एकत्र राहता येईल अशी जमीन, परिचित कौशल्याला मिळालेली बाजारपेठ, सहकारी संघटन आणि तारणाविना मिळालेली उधारी. यांतील उधारीची सोय सरकारी योजनेतून आलेली नसून स्थानिक व्यापाऱ्यांशी झालेल्या व्यवहारातून निर्माण झाली.

शिक्षित तरुण पिढी स्वेटर व्यवसायाकडे फारशी वळत नाही. अनेकांनी युरोप व उत्तर अमेरिकेत स्थलांतर केले असून काही वसाहतींत वृद्धांचे प्रमाण वाढले आहे. त्यामुळे आधीच्या पिढीने उभारलेले व्यवसाय पुढे कोण चालवणार, हा या वसाहतींपुढील प्रश्न आहे.

हेही पाहा

बैलकुप्पे
केंद्रीय तिबेटी प्रशासन
बचत गट
निर्वासित