संमतीपत्राची फाईल

भोसरीत आमचं प्लेटिंगचं शॉप. क्रोमच्या पिवळ्या पाण्यात आम्ल घालून सामू तीनच्या खाली आणायचा, मग मेटाबायसल्फाइट. रंग हिरवट झाला की चुना. गाळ खाली बसतो. षट्संयुजी क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम, त्यामुळे नुसत्या डोळ्यांच्या अंदाजावर भागत नाही.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तेव्हा सांडपाणी सोडायला आजच्यासारखं प्रदूषण नियंत्रण मंडळाचं वेगळं संमतीपत्र लागत नव्हतं. महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९६९ साली केला. केंद्राचा त्यानंतर पाच वर्षांनी, १९७४ मध्ये आला. आपण एवढे पुढे होतो, हे इथल्या पवना नदीकडे बघून कुणाला पटायचं नाही! १९७० मध्ये राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालं.

केंद्राच्या कायद्यातलं कलम २५ मला गमतीचं वाटतं. अर्जाला चार महिन्यांत होकार-नकार न कळवल्यास संमती मिळाली असं धरतात. पण बँकेला आणि मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागाला सहीशिक्क्याचा कागदच लागतो. प्लेटिंग जास्त प्रदूषणाच्या लाल श्रेणीत, म्हणून मुदत संपण्याआधीच नूतनीकरणाची धावपळ: शुल्क, पाण्याचा हिशेब, घातक गाळाच्या पावत्या. अर्ज आता ऑनलाइन असतो. नमुना घ्यायला मात्र अधिकारी बाटली घेऊन येतातच.